आठ गाद्यांचं गिऱ्हाईक

आमच्या गादीवाल्या मालकाकडे प्रत्येकाचा दोन महिन्यांचा पगार कायम अडकलेला असायचा. काम सोडणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नसे. "स्वतःच्या पायाने चाललास, मग मी कशाला देऊ?" असं तो तोंडावर सांगायचा. माझी बायको गेली तेव्हा घरी बसलेल्या दिवसांचे पैसे त्याने कापले, वर "रडून कापूस पिंजला जात नाही" असं ऐकवलं. तेव्हाच ठरवलं, इथून जायचं, पण पैसे घेऊन.

परवा एक बाई आठ गाद्या घ्यायला आली. मालक तिच्यापुढे नुसता वितळत होता. तिने मला विचारलं, "दादा, कापूस नवा आहे ना?"

"नाही ताई. जुन्या गाद्यांचा आहे, खोळ तेवढी नवी."

मालक लाल झाला. "खोटं बोलतोय हा. चल, चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"हाकलताय तर याचा हिशेब माझ्यासमोर चुकता करा," बाई म्हणाली. "मी गेल्यावर याला परत ठेवून घ्याल. असली खोटारडी माणसं असतील तिथे मी ऑर्डर देत नाही."

आठ गाद्यांच्या लोभापायी त्याने गल्ल्यातून सगळा पगार काढून माझ्या अंगावर फेकला. मी तो मोजून घेतला आणि निघालो.


माझ्या बायकोच्या मयताला मालक दहा मिनिटं जरी आला असता, तरी ती बाई माझी मेहुणी आहे हे त्याला कळलं असतं.