उंबऱ्याबाहेरची वसुली

हेल्मेटचा पहिला फटका कानावर बसला आणि तो अंगणातच गुडघ्यांवर आला. दुसरा पाठीत बसला. तिसऱ्याच्या आधी वसुलीवाल्या प्रितमने दम घेतला, कारण त्याचाच हात दुखायला लागला होता.

"एकसष्ट हजार, आनंदा. बँक काय तुझ्या मामाची आहे?"

प्रितमचा जोडीदार अवधूत फाईल घेऊन मोटरसायकलजवळ उभा होता. वसुलीच्या कामाला लागून त्याला जेमतेम महिना झाला होता. फाईलमध्ये फोटो नव्हता. नाव, गाव, क्रेडिट कार्डाचा हिशेब, एवढंच. पहिल्या खेपेला गव्हाणला येऊन प्रितमने ओट्यावर बसलेल्या या माणसाला विचारलं होतं, "आनंदा तूच ना?" तो जरा थांबून "हां" म्हणाला आणि लगेच त्याच्या थोबाडीत बसली.

प्रितमने केस धरून त्याची मान वर केली. "दोन दिवसांत सहा मोबाइल? कशाला रे?"

"तवा डोकं ठिकानावर नव्हतं. आठ म्हैने दवाखान्यात गेलं. डाक्टरचा कागद हाय."

"वेडाचं सोंग मला नको दाखवू." प्रितमने पोटात लाथ घातली.

संतापाची गोष्ट ही, की कागदावर सगळं बरोबर होतं. खरेदी बावीस हजारांची. बाकी उशिराचा दंड, दंडावर व्याज, व्याज थकलं म्हणून पुन्हा दंड. दवाखान्यात गोळ्यांची गुंगी आणि इथे आकडा फुगतोय.

दारात म्हातारी भामा आडवी बसली होती. "माज्या पोराला मारू नका रे," एवढंच ती म्हणत राहिली, पण उंबऱ्यावरून हलली नाही. प्रितमही आत गेला नाही. अंगणात हवं तेवढं हाणा, घरात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. घरात घुसल्याची तक्रार झाली की पोलीस मोकळं सोडत नाहीत.

चार महिने हेच चाललं. तो द्रोणागिरीच्या गोदामात पोती उचलायचा, हप्ता द्यायचा, कमी पडला की मार खायचा. एकदा बरगडी मोडली. ओठ चावून रक्त काढायचा, पण ओरडायचा नाही. अवधूतला त्याचा रागच यायचा. ओरडला असता तर प्रितम लवकर थांबला असता.

शेवटी अवधूतलाच राहवेना. डॉक्टरचा कागद घेऊन त्याने पनवेलच्या शाखेत तीन आठवडे खेटे घातले. दंड, व्याज, सगळं माफ झालं. बावीस हजार तर केव्हाच भरून झाले होते.

मग तो एकटाच गव्हाणला गेला. "खातं बंद झालं," तो म्हणाला. "इथे फक्त सही हवी."

त्या माणसाने कागद दोनदा वाचला. भामाने पदर तोंडाला लावला.

"परत कोन येनार नाय ना?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"प्रितम बी?"

"त्याच्याकडून फाईल काढून घेतली."

त्याने बनियनला हात पुसले, पण पेन घेतलं नाही. आईला धरून उंबऱ्यावरून उठवलं, बाजूला बसवलं आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून हलक्या आवाजात हाक मारली,

"आनंदा, भाईर ये. सही कर. आता तुला कोन मारनार नाय."