प्रलंबित नमुना

"विळा ओळखता का?" पोलीस ठाण्याच्या भूपेंद्र जमादारांनी विचारलं.

परसरामनं विळा हातात घेतला. पातं गंजलं होतं, पण मूठ शाबूत होती. ती त्यानंच तेंदूच्या लाकडाची तासून दिली होती, धुरपताच्या लहान हाताला बसेल अशी.

"तिचाच हाये, साहेब," तो म्हणाला आणि तिथंच खाली बसला.

झाडूसाठी गवत कापायला साकोलीजवळच्या जंगलात गेलेली त्याची बायको हिवाळ्यात घरी परतली नव्हती. उन्हाळ्यात पानं गळाली तेव्हा गुराख्यांना नाल्यात हाडं दिसली. हाडांजवळ विळा होता.

रश्मीनं विळ्याकडे पाहिलंच नाही. "विळे का एकासारखे एक नसतात, बाबा? हे मायच हाये, असं कोनी सांगतलं तुमाले?"

"म्हनूनच रक्त घेतो ना, बाई," जमादार म्हणाले. "प्रयोगशाळेत हाडांसंग जुळवून पाह्यतात. जुळलं का हाडं तुमच्या ताब्यात."

"माझं घ्या," परसराम म्हणाला.

जमादारांना हसू आलं. "तुमचं कसं जुळन, परसरामभाऊ? लग्न केल्यानं रक्त एक होते का?"

"मंग तुलारामचं घ्या. तिचा सख्खा भाऊ हाये. दिघोरीले राह्यते."

"दिघोरीले कायले जाचं? पोटची पोरगी उभी हाये समोर. याच्याहून पक्कं काय पाह्यजे?"

रश्मीनं तोवर बाही वर केली होती. सरकारी दवाखान्यात तिचं रक्त घेतलं, तेव्हा परसराम बाहेर उभा राहिला. आत या म्हटलं तरी गेला नाही.

नमुना गेला आणि तिकडेच पडून राहिला. प्रयोगशाळेत माणसं कमी, मशिनी जुन्या, नमुन्यांचा ढीग. रश्मी साकोलीच्या एका दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी संपली की ती ठाण्यात जायची. जमादार म्हणायचे, "प्रलंबित." ती घरी येऊन तेच सांगायची. परसराम मान हलवायचा आणि म्हशीला पाणी दाखवायला उठायचा. स्वतः तो ठाण्याची पायरी चढला नाही.

विहारात लोक विचारायचे, "परसरामभाऊ, जलदान केव्हा करता?" मेलेल्या माणसासाठीचा तो विधी झाला नव्हता, कारण रश्मी आईच्या फोटोला हारसुद्धा घालू देत नव्हती.

मग एक दिवस जेवताना तिनं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. सरकारनं प्रयोगशाळांना पैसा दिला होता. नव्या मशिनी येणार होत्या, नवी भरती होणार होती. पडून असलेले सगळे नमुने आता भराभर तपासणार होते.

परसरामचा घास हातातच राहिला.

"एवढी घाई कायले करतात?" तो म्हणाला.

रश्मी त्याच्याकडे पाहत राहिली. "तुमाले माय पाह्यजे का नाई, बाबा?"

तो ताटावरून उठला.

शेजारची पंचफुला तोंडावर बोलायला भीत नसे. "लोक नावं ठेवून राहिले, भाऊजी. पोरीच्या पायाले भिंगरी, आन तुम्ही बसले खाटेवर. एखाद्याले वाटन, यानंच काही केलं म्हनून."

हे जमादारांच्याही कानावर गेलं असावं. बाजारात त्यांनी परसरामला थांबवलं. "धुरपताबाईसंग भांडन होत होतं का तुमचं?"

"होत होतं ना. भाजीत मीठ जास्त झालं का होत होतं."

"आन काय होत होतं?"

"मंग तेच भाजी दोघंही खात होतो, साहेब."

जमादारांची नजर बदलली होती.

अहवाल आला त्या दिवशी त्यांनी बाप-लेकीला एकत्र बोलावलं. कागद दोनदा वाचला.

"जुळत नाई, बाई. हे हाडं तुझ्या मायचे नोहेत."

 रश्मीनं बापाला घट्ट मिठी मारली. हसता हसता रडायला लागली. "मी म्हनत होती ना! माय जिती हाये, बाबा!"

जमादार परसरामकडे पाहून ओशाळले. "मनात घेऊ नका, भाऊ. आमचं कामच शंका घेन्याचं हाये."

"त्या हाडांचं काय करान, साहेब?"

"बेवारस. पुढच्या हप्त्यात पुरून टाकू."

"जरा थांबले तर?"

"कायले थांबाचं? तुमचे नोहेत ना ते."

परसरामनं तोंड उघडलं. रश्मी दारात उभी राहून मावशीला फोनवर ओरडून सांगत होती. तो उठून तिच्या मागं जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मीनं पेटीतली धुरपताची लुगडी काढून उन्हात टाकली. आई आल्यावर लागतील म्हणाली. फोटोच्या प्रती काढल्या, डिंकाची बाटली घेतली. आई डोक्यावर परिणाम होऊन रेल्वेत बसली असेल, कुठंतरी उतरली असेल, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बापाला गाडीवर मागं बसवून ती वरठीच्या स्टेशनावर आली.

तिनं भिंतीवर फोटो चिकटवला. चारही कोपरे तळव्यानं दाबले. दोन पावलं मागं येऊन पाहिलं.

"इथं सगळ्याइले दिसन. बाबा, तुम्ही बसा ना जराक त्या बाकावर. कवाचे उभे हाव."

परसराम बसला नाही. वीटभट्टीच्या कामावरून परतताना धुरपताला याच बाकावर फडक्यात गुंडाळलेली पोर सापडली होती. तिनं ती छातीशी धरली आणि गावात सांगितलं, भट्टीवर बाळंत झाले. रश्मीला हे सांगायचं अजून राहिलं होतं.