पूर्ण परवानगी

मालिनीबाईंच्या यजमानांची सगळी स्मृती घरच्या संगणकात जपलेली होती. देह गेला तरी रोज सकाळी तिथूनच ते बाईंबरोबर एकशे आठ वेळा रामनाम घेत. आज व्हायरस शोधणाऱ्या नव्या सुरक्षा-प्रणालीने डिस्कची पूर्ण परवानगी मागितली.

“अहो, देऊ का?”

“दे की! चोरून खाल्लेल्या लाडवांखेरीज तुझ्यापासून लपवलंय काय मी?”

मालिनीबाईंनी परवानगी दिली. जप निम्म्यावर आला आणि यजमानांचा आवाज थांबला. पडद्यावर उमटलं, ‘एकच शब्द पुन्हापुन्हा उच्चारणारा व्हायरस कायमचा पुसला.’

मालिनीबाईंनी मदतकेंद्राला फोन लावला.

“कोणाला शोधायचंय, आजी? नाव सांगा.”

उखाण्याबाहेर कधीच न घेतलेलं नाव त्यांनी घेतलं, “विश्वंभर.”

“या नावाचं इथे काहीच उरलेलं नाही, आजी.”