रीस्टार्ट नंतर

“जगात काहीच संपत नसतं. संपतो तो फक्त अधिकृत सपोर्ट,” दिनानाथ टिपणिसांनी जाहीर केलं, आणि हे वाक्य लेक-जावयाच्या मनात मुरावं म्हणून जरा थांबले. तेवढ्यात माउस अडकला. त्यांनी तो उचलून मांडीवर आपटला, त्याच्या पोटात फुंकर मारली आणि पुन्हा खाली ठेवला.

निशांत नव्या लॅपटॉपचं खोकं पायाशी घेऊन सोफ्यावर बसला होता. महापेच्या एका कंपनीत तो इतरांचे कॉम्प्युटर सांभाळायचा. स्वतःच्या सासऱ्याची पेन्शन विंडोज सेव्हनवर उघडते, हे ऑफिसात सांगायची त्याला चोरी होती. बनवणाऱ्यांनी या सिस्टिमचे अपडेट बंद करून वर्षं लोटली होती. दिनानाथ मात्र कुठकुठल्या परदेशी हौशी मंडळींनी घरी केलेले अपडेट शोधून आणत आणि दर महिन्याला, राहुकाळ टाळून, बसवत. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू आणि हार असे. एकदा झेंडूची पाकळी पंख्यात गेली, तर मशीन दिवाळीपर्यंत खोकत होतं.

आताही कुणी हात लावला नसताना मशीनच्या कॅबिनेटवरचा तांबडा दिवा मधूनच लुकलुकत होता. आतल्या आत कुणी काहीतरी शोधत असल्यासारखा.

नंदिनीने चहाचा घोट घेतला आणि दातात आलेली पत्ती जिभेने बाजूला केली. आई गेल्यापासून या घरात चहा असाच मिळायचा. गाळणी सापडत नव्हती. नवी आणते म्हटलं की बाबा म्हणत, घरात आहे ती, दुसरी कशाला?

“बाबा, अपडेट बसवता ते ठीक,” निशांत म्हणाला, “पण रीस्टार्ट कुठे करता? दर वेळी ‘नंतर’ दाबता. रीस्टार्ट केल्याशिवाय एकही लागू होत नाही. नुसते आणून ठेवलेत सगळे.”

“करू की, निशांतराव. घाई काय आहे?” दिनानाथ हळू आवाजात म्हणाले. दुपारच्या जेवणानंतर ते या खोलीत नेहमीच हळू बोलत. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

घाई थोड्याच वेळात झाली. सोसायटीत मीटरची नवी पेटी बसवायची म्हणून सकाळपासून वीज नव्हती. इन्व्हर्टरची सगळी बॅटरी मशीनला मिळावी म्हणून दिनानाथांनी पंखासुद्धा लावू दिला नव्हता. तरी इन्व्हर्टर एकाएकी ओरडायला लागला. निशांत उठला आणि दिनानाथांना बाजूला करून मशीनसमोरच्या खुर्चीवर बसला. नीट बंद केलं नाही तर आतलं सगळं जाईल, असं म्हणत त्याने शटडाउन दाबलं.

पडद्यावर एक चौकट आली. तिने इंग्रजीत अदबीने विचारलं होतं, की या कॉम्प्युटरवर दुसरंही कुणी लॉग-ऑन आहे. बंद केलात तर त्यांचं अर्धवट काम जाईल. तरी बंद करायचं का?

“दुसरं कोण?” निशांतने विचारलं.

दिनानाथ खिडकीबाहेर बघत राहिले. नंदिनीला आधी कळलं. या मशीनवर आईचं वेगळं खातं होतं, नावाशेजारी केशरी फुलाचं चित्र होतं. जेवणं झाली, ओटा पुसला, की प्रेमलाबाई इथे पत्ते खेळायला बसायच्या. दवाखान्यात न्यायला खाली रिक्षा उभी होती, तेव्हाही त्या खेळतच होत्या. जाताना नवऱ्याला म्हणाल्या होत्या, डाव मोडू नका, मी येते. तेव्हापासून मशीन बंद झालंच नव्हतं.

“बाबा,” नंदिनी म्हणाली, “आई नाहीये आता.”

“माहीत आहे मला. डाव आहे ना पण.”

निशांतचं बोट माउसवर होतं. दिनानाथांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला, बाण सरकवला आणि ‘नको’वर दाबलं. इन्व्हर्टर आणखी थोडा ओरडला आणि गप्प झाला. पडदा काळा झाला. आतला पंखा सावकाश फिरत फिरत थांबला. एवढी शांतता झाली, की खांदेश्वर स्टेशनवरची घोषणा घरात ऐकू आली.

“बरं,” दिनानाथ म्हणाले आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेले. नंदिनीने कॅबिनेटवर तळवा ठेवला. ते अजून कोमट होतं.

वीज आली ती सगळ्या इमारतीतले फ्रिज आणि टीव्ही एकदम जागे करत. त्यांच्याबरोबर मशीनही आपलं आपण सुरू झालं. तसं सेटिंग असतं, असं निशांतने सांगितलं आणि स्वतःच्याच खुलाशाने त्याला बरं वाटलं. साठलेले अपडेट एकामागून एक लागू होत गेले. मग स्वागताचा पडदा आला. त्यावर दोन नावं होती. दिनानाथांच्या नावाखाली काहीच नव्हतं. प्रेमला या नावाखाली लिहिलं होतं, लॉग-ऑन आहे.

“जुनं काहीतरी मेमरीत राहिलं असेल,” निशांत म्हणाला. आणखीही काही म्हणणार होता.

स्पीकरमधून पत्ते वाटल्याचा आवाज येऊ लागला. एकेक पान, काही घाई नसलेलं. ओटा आवरून, हात पदराला पुसून बसलेल्या बाईने वाटावं तसं.

निशांतने लॅपटॉपचं खोकं पायाने सोफ्याखाली सरकवलं. नंदिनीचा हात कॅबिनेटवरच राहिला.

दिनानाथ बाहेर आले. धुतलेला कप हातात तसाच होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. थोडा वेळ त्यांनी उभ्यानेच ऐकलं. मग निशांतला खुणेने उठवून ते खुर्चीवर बसले, पडद्याकडे झुकले, आणि लेक-जावयाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले,

“आलीच आहेस, तर गाळणी कुठे ठेवलीस तेवढं सांग.”