भारदस्त अक्षर

"ह्या अक्षरात मी विलेक्शनला उभा ऱ्हायल्यासारका वाटतो रं," चांगो म्हणाला.

तल्हाला ते मान्य होतं. तो फॉन्ट वाढदिवसाचा होता. मोहोपाड्यात तल्हाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. त्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट शेकड्यानं होते, पण चालणारे चारच: वाढदिवसाचा, हळदीचा, प्लॉटचा आणि श्रद्धांजलीचा. माणसाच्या आयुष्यात एवढ्यावर भागतं. पुस्तकाचं मुखपृष्ठ दुकानात पहिल्यांदाच आलं होतं.

पुस्तकाचं नाव 'पाताळगंगेकाठचा मी'. त्यातला 'मी' म्हणजे चांगो, कारखान्यातून रिटायर झालेला. सगळी पानं टाइप करून पिशवीत होती, वर कोथिंबिरीची जुडी. घरी त्यानं ती बायकोला, शकूला, वाचून दाखवायला घेतली होती. पहिल्या पानाच्या मध्यावर तिला झोप लागायची. रोज. शेवटी डॉक्टरांनी तिची झोपेची गोळी बंद केली.

त्यामुळे चांगोची अपेक्षा आता फार नव्हती.

"मानूस थांबला पायजे," तो म्हणाला. "नुसता थांबून बगला तरी पुरं."

फ्लेक्स कसं दिसतंय ते रस्त्यापलीकडच्या मेडिकलच्या पायरीवरून बघायचं, हा तल्हाच्या धंद्याचा नियम. मुखपृष्ठालाही तोच लावला. त्यानं चांगोच्या फोटोसकट ते दाराएवढं छापलं, दुकानाच्या दोन शटरांपैकी एक ओढून त्याला चिकटवलं आणि दोघं पायरीवर जाऊन उभे राहिले.

वाढदिवसाच्या फॉन्टला कुणी थांबलं नाही. हळदीच्या फॉन्टला दोन पोरं थांबली. डीजे कुणाचा ते कुठंच लिहिलेलं नाही म्हणून निघून गेली. प्लॉटच्या फॉन्टला मुंबईचा एक माणूस गाडीतून उतरला, त्यानं फोटो काढला आणि चांगोच्या हनुवटीखाली फोन नंबर का नाही, म्हणून चिडला.

"आता एकच ऱ्हायला," तल्हा म्हणाला. "पन तो नको, काका."

"लाव."

काळी, सरळ, एकमेकांत अंतर राखून उभी असलेली अक्षरं. चांगो बघत राहिला.

"ह्ये बग. ह्येला म्हनतात भारदस्त."

पहिल्याच मिनिटाला कारखान्याची पाळी संपवून निघालेले तिघं थांबले आणि त्यांनी हेल्मेटं काढली. एका टेंपोनं वेग कमी केला. मग चांगोबरोबर एकाच खात्यात काम केलेला गजा आला. चपला काढून, हात जोडून त्यानं अक्षर न् अक्षर वाचलं. चांगोला राहवेना. तो रस्ता ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"चांगला मानूस," गजा फोटोकडे बघत म्हणाला. "बोलायचा लय. पन चांगला."

"गजा, मी हितं हाय."

गजानं त्याच्याकडे बघितलं. मग फोटोकडे. मग परत त्याच्याकडे.

"मंग ह्ये काय?"

"पुस्तक लिवलंय."

"हां," गजा म्हणाला. त्यानं चपला घातल्या आणि गेला.

चांगो दुकानात आला. "ह्योच फॉन्ट."

"काका, लोकांना वाटंल तुमी गेलात."

"थांबतात ना पन?"

तेवढ्यात दुकानासमोर टमटम थांबली आणि शकू उतरली. टमटमवाल्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि तो गेला.

"तुमी गेलात म्हनं," शकू म्हणाली.

"कोन बोलला?"

"ह्योच. भाडं पन नाय घेतलं. मी म्हनलं, अरे, आत्ता फोनवर बोलले माज्याशी. तर म्हनतो, ताई, सुरवातीला तसंच वाटतं."

"मंग?"

"मंग काय. म्हनलं, बगून तरी येऊ."

ती शटरसमोर उभी राहिली. आधी फोटो बघितला, मग अक्षरं. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बाया तिच्या मागे येऊन थांबल्या, हात जोडून गेल्या.

"येवढं काय लिवलंय तुमी?" शकूनं विचारलं.

"बस, बस. वाचून दाकवतो." चांगोनं घाईघाईनं पिशवीतून पानं काढली, घसा खाकरला.

"नको. तुमी वाचाय लागलात का माजे डोळे मिटतात." तिनं हात पुढे केला. "आना हिकडं. माजी मी वाचते."

चांगो तोंड उघडं ठेवूनच तिच्याकडे बघत राहिला. पानं तिच्या हातात द्यावीत, हे त्याला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

शकूनं चष्मा लावला. तल्हानं शटरला टेकून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, बरोबर फोटोच्या खाली, ती बसली आणि पानं मांडीवर घेतली. पहिलं पान संपलं. चांगो तिच्या पापण्यांकडे बघत होता. तिनं दुसरं पान उलटलं.

"काका, मंग फॉन्ट—"

चांगोनं ओठांवर बोट ठेवलं.

बाजूच्या बांगड्यांच्या दुकानातली नसीबा नमाज आटपून येत होती. तिला वर फोटोतला चांगो दिसला, खाली मान घालून बसलेली शकू दिसली. ती तशीच धावत आली, वाकली आणि शकूच्या खांद्यावर हात ठेवला.

"शकू, धीर धर गं."

शकूनं मान वर केली नाही. बोट ओळीवरच ठेवून म्हणाली,

"थांब गं जरा. आत्ता कुटं ते नदीत उतरलेत."