रक्ताची चटक

भुंग्यानं आजही भाकरीला तोंड लावलं नाही. लिंबाजीनं ती दुधात कुस्करली, वर थोडं तूप सोडलं, ताटली त्याच्या नाकाखाली सरकवली. कुत्र्यानं मान फिरवली आणि रिकाम्या वाघरीकडं बघत पडून राहिला. मेंढरं रात्री कोंडायची ती जाळी अजून तशीच उभी होती. ती सोडायला लिंबाजीचा हात होत नव्हता.

मेंढरं विकली त्या दिवसापासून हे असं चाललं होतं. डोंगरावर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यामागनं तारेची कुंपणं आली, आणि लिंबाजीचे गुडघेही नेमके तेव्हाच बसले. अणदूरच्या माळावर उभा जन्म काढलेल्या या धनगरानं शेवटी स्वतःच्या हातानं एकेक मेंढरू टेम्पोत चढवलं. भुंग्या टेम्पोमागं पार हायवेपर्यंत पळत गेला. परत आला तो अन्न टाकूनच. बायको दगडाबाई वारल्यापासून लिंबाजी बोलायचा तो याच्याशीच. आता हाही डोळ्यांदेखत चालला होता.

लिंबाजीला न्यायला पोरगा पुण्याहून आला होता. कृष्णराज मनानं वाईट नव्हता. त्याच्याकडं पुण्यात एक विलायती कुत्रं होतं. झोपायचं गादीवर आणि खायचं मात्र वाघासारखं. सोनालीनं, म्हणजे सुनेनं, मोबाइलवर वाचून त्याची पोळी बंद केली होती आणि कच्चं मटण सुरू केलं होतं. तेव्हापासून त्याच्या अंगावर काय तुकतुकी आलीय, हे कृष्णराज कालपासून सांगत होता. भुंग्यालाही तेच द्या, उठून बसेल, असं त्याचं म्हणणं.

लिंबाजी ऐकायला तयार नव्हता. राखणीच्या कुत्र्याला कच्चं मटण दाखवायचंसुद्धा नाही, हा त्याच्या बापजाद्यांचा नेम. जत्रेतल्या बकऱ्याचं हाडूकही भुंग्याला शिजवूनच मिळायचं. दर कोकराच्या डाव्या कानाला दोन खाचा, ही लिंबाजीच्या घराची खूण. ते कान कातरायच्या दिवशी भुंग्याला लांब बाभळीला बांधून ठेवत, रक्ताचा वास नको म्हणून.

"एकदा चटक लागली की कुत्र्याला कोकरू वळखू येत न्हाय," लिंबाजी म्हणाला.

कृष्णराज हळूच म्हणाला, "आबा, कोकरू हाय कुठं आता?"

बैल गेला आणि झोपा केला, तसा लिंबाजीचा नेम झाला होता. त्यानं नुसता हात हलवला. आण जा, असा त्याचा अर्थ होता.

कृष्णराज मोटारसायकलवर बाजारात गेला आणि पिशवी घेऊन आला. कुत्र्याला कातडी-हाडासकट द्यायचं असतं म्हणून त्यानं खाटकाकडून मुंडीचे तुकडेही मागून घेतले होते. लिंबाजीनं पिशवी त्याच्या हातातून घेतली. द्यायचंच तर आपल्या हातानं देऊ, असं त्याला वाटलं. त्यानं तोंड दुसरीकडं करून सगळं ताटलीत ओतलं.

भुंग्या उठला. किती दिवसांनी उठला. लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुत्र्यानं ताटली हुंगली, पुन्हा हुंगली, तिच्याभोवती एक पुरा फेरा मारला. मग ताटलीकडं पाठ केली, माळाकडं तोंड केलं आणि कान टवकारून बसला.

"म्हातारा झालाय. वासही कळंना त्याला," असं म्हणत कृष्णराज ताटली उचलायला वाकला. भुंग्या गुरगुरला. घरच्या माणसावर तो जन्मात गुरगुरला नव्हता.

तेव्हा कुठं लिंबाजीनं ताटलीकडं नीट पाहिलं. मटणात एक कान होता. डावा. त्याला दोन खाचा होत्या.

कृष्णराजचा हात अजून तिथंच होता. लिंबाजीनं तो धरून मागं घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्यो राखणीला बसलाय."