पेरोजाच्या जोड्या

टेबलावर सात जोड होते. सातही कानातले, सातही पेरोजाचे, सातही दुकानातून परत आलेले. चौदा खड्यांपैकी एकाचंही कोंदण सैल नव्हतं, एकालाही चीर नव्हती. तक्रार सगळ्यांची एकच: एक खडा निळा, दुसरा हिरवट.

धाकटीनं आधी गिऱ्हाइकांवरच संशय घेतला. पेरोज हा खडाच तसा. तेल पितो, घाम पितो, अत्तर पितो आणि हळूहळू निळ्याचा हिरवा होतो. म्हणून तर दोघी बहिणी प्रत्येक डबीत चिठ्ठी घालत: आधी अत्तर, मग दागिना, साबण नको, गरम पाणी नको, मऊ कोरड्या कापडानं पुसा आणि एकटा ठेवा. पण सातांपैकी चार जोड कुणी कानात घातलेच नव्हते. कार्डाला टोचलेले तसेच होते. शिवाय कितीही अत्तर लावणारी बाई झाली, तरी एकाच कानाला कशी लावेल?

म्हणजे चूक जुळवणीतली. आणि जुळवणी ताईची.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. वडील गेल्यावर बहिणींनी तो सांभाळला होता. ताई खडे जुळवून द्यायची, धाकटी ते कोंदणात बसवायची. आता ताईनं पासष्टी ओलांडली होती. रक्तात साखर होती. सुईत दोरा ओवताना हात लांब धरायची. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायची. गेलं वर्षभर तिच्या जोड्या धाकटीला खटकत होत्या. निळ्याशेजारी चक्क हिरवा! पण तोंडावर कसं बोलायचं? ताईची पाठ वळली, की धाकटी त्यातला एक खडा गुपचूप बदलायची, जुळता शोधून बसवायची. बहिणीची झाकली मूठ तिनं अशी जपली होती. तरी हे सात निसटलेच.

"ताई, जरा बोलायचंय."

"न मागता चहा आणलास, तेव्हाच ओळखलं."

ताईनं एकेक जोड खिडकीशी नेऊन पाहिला. वेळ लावला. मग म्हणाली, "हे मी जुळवलेले नाहीत."

"मग कुणी, भुतांनी?"

"भुतं बरी. निदान कबूल तरी करतात." ताईनं चष्मा पुसला. "दुकानदार काय म्हणतोय?"

"आणखी एक जोड परत आला, तर आपला माल ठेवणार नाही म्हणतोय."

ताईनं चष्मा परत नाकावर चढवला. त्या दुकानाखेरीज त्यांचा माल घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

"म्हणजे माझे डोळे गेले, असं तुझं म्हणणं."

"गेले नाही गं. थकले."

"थकायला ते काय डोंगर चढतात?" ताई हसली नाही. "बरं. घे परीक्षा. पण नीट घे, मला नंतर वाद नकोय."

धाकटीनं नीटच घेतली. खडे कापणाऱ्याला तिनं पेरोजाचे दहा तुकडे निवडायला सांगितले, एकमेकांपासून जेमतेम वेगळ्या रंगांचे. प्रत्येक तुकड्यातून त्यानं चार सारखे खडे काढले आणि प्रत्येक खड्याच्या पाठीवर शाईनं तुकड्याचा नंबर घातला. जोडी बरोबर की चूक, हे खडा उलटला की कळणार. तिथं कुणाच्या मताचा प्रश्नच नव्हता.

"चार कशाला? दोन पुरेत," ताई म्हणाली. मग तिला उमगलं. "की तू पण बसणार आहेस?"

"बसते की. तुलनेशिवाय आकड्याला काय अर्थ? नाहीतर म्हणशील, खडेच अवघड होते."

"म्हणणार होतेच." ताईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "मग ऐक, ठमे. जिच्या चुका जास्त, तिनं यापुढे खड्याला हात लावायचा नाही. रडारड नाही, दयामाया नाही. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली. ताईसाठी तिनं काम योजूनही ठेवलं होतं: डब्या भरणं, चिठ्ठ्या घालणं, गिऱ्हाइकांना दागिन्यांची निगा समजावून सांगणं. ताईला बोलायला आवडायचंच.

सकाळी खिडकीशी दोन ट्रे मांडले. दोन्हींत वीस-वीस खडे, प्रत्येक तुकड्यातले दोन, पाठ खाली, सरमिसळ केलेले. दोघी समोरासमोर बसल्या.

"आज उजेड मळकट आहे गं," धाकटी म्हणाली.

ताईनं खिडकीबाहेर पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि चिमटा उचलला.

धाकटीचं काम झरझर झालं. ताई मात्र एकेक खडा उचलायची, दुसऱ्याशेजारी धरायची, परत ठेवायची. चष्मा नाकावरून घसरत होता. मध्येच एक खडा चिमट्यातून निसटून टेबलाखाली गेला. धाकटीनं वाकून तो न उलटता तिच्या ट्रेमध्ये ठेवला. शेवटी ताईनं चिमटा खाली ठेवला.

धाकटीनं ताईचा ट्रे पाहिला. दहांपैकी सहा जोड्या तर नुसत्या नजरेलाच चुकलेल्या दिसत होत्या.

"ताई, राहू दे. नको उलटायला. आपण दोघी मिळून जुळवू. मी बसेन तुझ्या शेजारी."

"कबूल म्हणाली होतीस ना? उलट."

धाकटीनं ताईचे खडे एकेक करून उलटले. मग ताईनं धाकटीचे. दोन्ही वेळा नंबर मोठ्यानं वाचले.

ताईच्या जोड्या दहापैकी दहा बरोबर. धाकटीच्या दहापैकी तीन. धाकटीनं परत आलेल्या सात जोडांकडे पाहिलं; त्यांतला एकेक खडा तिनंच बदलला होता.